उनाड मुलांची माउली : मेरी कार्पेंटर

देवस्थानच्या स्मरणिकेत ब्रिस्टल नगरातील एका ख्रिस्ती विदुषीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रारंभीच देणे उचित होय. देवालय ही केवळ पूजाअर्चेची जागा नव्हे. आपल्या गोमंतकात जत्रेच्या रात्री गावची मुले नाटकात उभी राहतात, भजनी सप्ताहात टाळ हाती धरतात, पालखीला खांदा देतात. त्या निमित्ताने वडीलधाऱ्यांची नजर त्यांच्यावर राहते आणि आपण कोणाचे तरी आहोत ही जाणीव मुलांच्याही मनात राहते. ही नजर ज्या मुलांपर्यंत पोहोचत नाही, ती मुले कोठे जातात? शाळा अर्धवट सोडून दिवसभर रस्त्यावर काढणारा, प्रथम व्यसनात आणि मग चोरीत सापडणारा मुलगा हा आज अनेक गावांतील महाजनांच्या चिंतेचा विषय झाला आहे. हाच प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका अविवाहित शिक्षिकेने स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यात आपले सारे आयुष्य वेचले. तिचे कार्य इंग्लंडच्या कायद्यात उतरले आणि पुढे आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचले. म्हणून तिचे स्मरण येथे अस्थानी ठरू नये.

बालपण आणि संस्कार

मेरी कार्पेंटर हिचा जन्म ३ एप्रिल १८०७ रोजी इंग्लंडमधील एक्झिटर या गावी झाला. वडील डॉ. लँट कार्पेंटर हे युनिटेरियन, म्हणजे एकेश्वरवादी, पंथाचे धर्मोपदेशक होते. १८१७ साली ते ब्रिस्टल येथील लुइन्स मीड या प्रार्थनामंदिरात आले व त्यांनी स्वतःच्या घरी मुलांची शाळा चालविली. त्या काळी मुलींच्या वाट्याला शिवणटिपण आणि थोडेसे फ्रेंच यापलीकडे फारसे काही येत नसे. लँट कार्पेंटर यांनी मात्र आपल्या या ज्येष्ठ कन्येला मुलांच्याच बाकावर बसवून लॅटिन, ग्रीक, गणित आणि निसर्गविज्ञान शिकविले. पुढे तत्त्वज्ञ म्हणून विख्यात झालेले जेम्स मार्टिनो हे तिचे तेथील सहाध्यायी. तिचे बंधू विल्यम पुढे नामांकित शरीरशास्त्रज्ञ झाले. मेरीचीही बुद्धी त्याच तोडीची होती. परंतु विद्यापीठाचे दार स्त्रियांना बंद होते. काही काळ तिने दुसऱ्यांच्या घरी राहून मुलांना शिकविले आणि १८२९ साली आई व बहिणींसह ब्रिस्टलला मुलींची शाळा सुरू केली.

ब्रिस्टल हे भरभराटीचे बंदर होते. परंतु लुइन्स मीडच्या मागील गल्ल्यांत दारिद्र्य, दारू आणि रोगराई यांचे राज्य होते. १८३१ च्या ऑक्टोबरात मतदानसुधारणेच्या प्रश्नावरून तेथे भयंकर दंगल उसळली. तुरुंग फोडले गेले, घरे जाळली गेली. पाठोपाठ १८३२ साली पटकीची साथ आली. हे सर्व मेरीने उघड्या डोळ्यांनी पाहिले. ज्या समाजाने या गल्ल्यांकडे कधी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्याच समाजाला आता त्या गल्ल्यांचे भय वाटू लागले होते.

१८३३ : दोन पाहुणे

१८३३ हे वर्ष मेरीच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. त्या वर्षी दोन परदेशी पाहुणे कार्पेंटर कुटुंबाच्या परिचयात आले. पहिले म्हणजे आपल्या नवभारताचे जनक राजा राममोहन रॉय. त्यांच्या सहवासाने मेरीच्या मनात हिंदुस्थानविषयी कायमचे प्रेम निर्माण झाले. दुर्दैवाने त्याच मुक्कामात, २७ सप्टेंबर १८३३ रोजी, राजांनी ब्रिस्टलजवळील स्टेपलटन येथे देह ठेवला.

दुसरे पाहुणे अमेरिकेतील बोस्टन शहरात गोरगरिबांची सेवा करणारे धर्मोपदेशक जोसेफ टकरमन. एके दिवशी मेरी त्यांच्यासमवेत ब्रिस्टलच्या एका गल्लीतून चालली असता फाटक्या कपड्यांतील एक पोर त्यांच्यासमोरून धावत गेले व दिसेनासे झाले. अशा मुलाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत गेले पाहिजे आणि त्याची विचारपूस केली पाहिजे, असे टकरमन सहज बोलून गेले. बोलणाऱ्याने सहज उच्चारलेला तो विचार ऐकणारीच्या मनात खोल रुजला. गल्लीत रोज दिसणारे ते पोर सर्वांनीच पाहिले होते. त्याच्या मागे जाण्याचे मात्र कोणाला सुचले नव्हते.

१८३५ साली मेरीने प्रार्थनामंदिराच्या आश्रयाने एक सेवामंडळ स्थापन केले. मंडळाच्या सभासदांनी गल्ल्या वाटून घ्याव्यात, घरोघरी जावे, कोणाची काय अडचण आहे ते समजून घ्यावे, असा त्याचा क्रम होता. वीस वर्षे ती या मंडळाची चिटणीस होती. या काळात तिला जे दिसले ते कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. बाप तुरुंगात किंवा दारूच्या गुत्त्यात, आई कष्टाने पिचलेली, मूल दिवसभर रस्त्यावर. भूक लागली की ते भीक मागणार, भीक मिळाली नाही की उचलेगिरी करणार. गुन्हा हा अशा मुलाच्या रक्तात नसून त्याच्या दिनक्रमात आहे, हे तिला कळून चुकले.

१८४० साली वडील भूमध्य समुद्रात जहाजावरून पडून बुडाले. या आघातातून सावरण्यास मेरीला वेळ लागला. पण हाती घेतलेले काम तिने सोडले नाही.

फाटक्या कपड्यांची शाळा

१ ऑगस्ट १८४६ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मेरीबाईंनी लुइन्स मीडमध्ये फाटक्या कपड्यांतील मुलांसाठी मोफत शाळा उघडली. अशा शाळांना इंग्लंडमध्ये ‘रॅगेड स्कूल’ असे म्हणत. इतर शाळा या मुलांना उंबऱ्याच्या आत घेत नसत, कारण ती मळकी, उपाशी आणि शिवराळ असत. थोड्याच काळात ही शाळा सेंट जेम्स बॅक या वस्तीत हलविण्यात आली. दिवसा काम करणाऱ्या थोराड मुलांसाठी रात्रीचे वर्गही सुरू झाले. प्रारंभीचे दिवस गोंगाटाचे आणि धक्काबुक्कीचे गेले. पण मेरीबाईंनी छडी हाती घेतली नाही. मारहाणीची या मुलांना जन्मापासून सवय होती. नवलाई होती ती आपुलकीने बोलणाऱ्या माणसाची.

त्यांची शिकविण्याची रीत पाहण्यासारखी होती. नकाशे, चित्रे, निरनिराळे दगड, वनस्पतींचे नमुने त्या वर्गात आणीत. ज्या मुलांनी आपल्या गल्लीपलीकडचे जग पाहिले नव्हते, ती मुले अशा वेळी गोंगाट विसरून प्रश्न विचारू लागत. पुढे मेरीबाईंनी शाळेभोवतीची वाडीच विकत घेतली, स्नानाची सोय केली, खेळायला अंगण केले आणि तेथील खोल्या नेकीने राहणाऱ्या भाडेकरूंना दिल्या. मुलाला तास-दोन तास चांगले शिकवून पुन्हा त्याच दलदलीत सोडायचे, तर शिकवणे वाया जाणार. म्हणून त्याच्या भोवतालची जागाही सुधारली पाहिजे, हा त्यांचा विचार होता. आजही जी मंडळी वस्तीतील मुलांसाठी वर्ग चालवितात, त्यांना या गोष्टीचे मर्म तत्काळ पटेल.

तीन प्रकारची मुले, तीन प्रकारच्या शाळा

शाळेत येणारी काही मुले मधूनच नाहीशी होत. चौकशी केली तर ती तुरुंगात असल्याचे कळे. त्या काळच्या कायद्याला सात वर्षांपुढील मूल आणि प्रौढ चोर यांत फारसा भेद दिसत नव्हता. पाव किंवा रुमाल चोरणारे पोर मुरलेल्या गुन्हेगारांच्या सोबतीला जाई आणि त्या विद्येत पारंगत होऊन बाहेर येई. मुलांसाठी म्हणून १८३८ साली पार्कहर्स्ट येथे वेगळा तुरुंग उघडला होता. परंतु तेथेही बेड्या, पहारे आणि कडक शिस्त हेच होते. मेरीबाईंनी या पद्धतीवर निर्भयपणे टीका केली.

१८५१ साली त्यांचा सुधारशाळांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील विवेचन अत्यंत स्पष्ट होते. काही मुले निव्वळ गरीब असतात. त्यांना मोफत दिवसशाळा हवी. काही मुले भटकी, भीक मागणारी, गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभी असतात. त्यांना अन्न आणि हातकाम देणारी उद्योगशाळा हवी. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन शहरात १८४१ पासून अशी शाळा चालू होती, आणि पोटभर जेवण मिळते म्हणून मुले तेथे आपल्या पायांनी येत. जी मुले गुन्हा करून बसली आहेत, त्यांच्यासाठी सुधारशाळा हवी, तुरुंग नव्हे. अशी शाळा कुटुंबासारखी चालली पाहिजे. फ्रान्समधील मेत्रे आणि जर्मनीतील हँबुर्ग येथील संस्थांचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. दंडाच्या भीतीने मूल तेवढ्यापुरते गप्प बसते. त्याचे अंतःकरण वळवायचे तर विश्वास, प्रेम आणि आवडीचे काम यांचीच गरज असते, हा त्यांचा सिद्धांत होता. जे मूल चुकले त्याचे समाजाने देणे लागते, कारण ज्या वेळी त्याला हात द्यायचा त्या वेळी समाजाने तोंड फिरविले, हा विचार तर त्या काळी क्रांतिकारक होता.

डिसेंबर १८५१ मध्ये बर्मिंगहॅमला या विषयावर परिषद भरली. न्यायाधीश मॅथ्यू डेव्हनपोर्ट हिल यांच्या साहाय्याने ती घडवून आणण्यात मेरीबाईंचा मोठा वाटा होता. तरीही स्त्रीने जाहीर सभेत बोलणे शिष्टसंमत नसल्यामुळे त्या परिषदेत त्या मौन धरून बसल्या, ही गोष्ट आज वाचताना मन विषण्ण होते. पण हे मौन फार काळ टिकले नाही. १८५२ साली पार्लमेंटच्या समितीसमोर त्यांनी साक्ष दिली आणि पुढील काळात मोठमोठ्या परिषदांतून त्या स्वतः आपले निबंध वाचू लागल्या.

किंग्जवुड आणि रेड लॉज

बोलण्यापेक्षा करून दाखवावे हा त्यांचा स्वभाव. १८५२ साली ब्रिस्टलजवळ किंग्जवुड येथे, पूर्वी जॉन वेस्ली यांच्या शाळेची असलेली वास्तू मिळवून, त्यांनी सुधारशाळा उघडली. प्रारंभी मुले व मुली यांना एकाच ठिकाणी ठेवले होते. तो प्रयोग जमला नाही. मुले पळून जात, मुली दंगा करीत, शिक्षक टिकत नसत. हे अपयश मेरीबाईंनी झाकून ठेवले नाही. त्यातून त्यांनी धडा घेतला. कविवर्य बायरनच्या विधवा लेडी बायरन यांनी ब्रिस्टलमधील रेड लॉज ही सोळाव्या शतकातील जुनी वास्तू विकत घेऊन त्यांच्या हवाली केली, आणि ऑक्टोबर १८५४ मध्ये तेथे केवळ मुलींसाठी सुधारशाळा सुरू झाली. मुलींसाठीची अशी ही इंग्लंडमधील पहिली संस्था. ही वास्तू पुढे संग्रहालय झाली.

त्याच वर्षी पार्लमेंटने बालगुन्हेगारांविषयीचा कायदा संमत केला. सोळा वर्षांखालील मुलाला दोन ते पाच वर्षे सुधारशाळेत पाठविण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. मेरीबाईंच्या परिश्रमांचे हे मोठे फळ. परंतु ते पूर्ण गोड नव्हते. सुधारशाळेत जाण्यापूर्वी मुलाने किमान चौदा दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत, असे कलम त्यात घातले होते. गुन्हा केल्याबद्दल आधी यातना, मग सुधारणा, असा सरकारचा हिशोब. एकदा तुरुंगाचा शिक्का बसलेल्या मुलावर नवे संस्कार करणे किती कठीण, हे अनुभवाने जाणणाऱ्या मेरीबाईंनी या कलमाला सतत विरोध केला. ते कलम पूर्णपणे रद्द झाले ते १८९९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. १८५७ साली उद्योगशाळांचाही कायदा झाला आणि सात ते चौदा वर्षांच्या भटक्या मुलांना गुन्हा घडण्यापूर्वीच आश्रय देण्याची वाट मोकळी झाली.

चरित्रलेखकाने गुणांबरोबर उणिवाही सांगाव्यात. मेरीबाईंचे राहणे अत्यंत कडक होते. १८५८ साली फ्रान्सेस पॉवर कॉब ही विदुषी त्यांच्या घरी राहून कामात मदत करण्यास आली. परंतु साधे सुग्रास जेवण नाही, विसावा नाही, घटकाभर हास्यविनोद नाही, यामुळे ती अखेर कंटाळून निघून गेली. जी बाई शेकडो मुलांना प्रेमाची गरज आहे असे सांगत होती, तिला सोबतच्या माणसांची दमणूक दिसत नसे. रेड लॉजमधील मुलींना धुणे, शिवण आणि घरकाम शिकवून मोलकरीण म्हणून कामास लावण्यापलीकडे तिची दृष्टी फारशी गेली नाही, हेही खरे. तथापि १८५८ साली त्यांनी रोझॅना नावाची एक लहान मुलगी दत्तक घेतली. कठोर दिसणाऱ्या या बाईंच्या अंतरातील ओलावा यावरून ओळखावा.

हिंदुस्थानात

राजा राममोहन रॉय यांची आठवण मेरीबाईंनी तेहतीस वर्षे जपली होती. १८६६ साली, वयाच्या साठाव्या वर्षात, राजांच्या इंग्लंडमधील अखेरच्या दिवसांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध करून त्या हिंदुस्थानास निघाल्या. मुंबईस उतरून त्या अहमदाबादला सत्येंद्रनाथ टागोर यांच्या घरी राहिल्या. पुढे मद्रास व कलकत्ता येथे गेल्या. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू नव्हता. मुलींच्या शाळांप्रमाणेच त्यांनी तुरुंगही आवर्जून पाहिले. स्त्रीशिक्षिका तयार करणारे अध्यापनवर्ग, बालगुन्हेगारांसाठी सुधारशाळा आणि तुरुंगांची सुधारणा या तीन गोष्टींविषयी त्यांनी व्हाइसरॉय सर जॉन लॉरेन्स यांच्याकडे आपल्या सूचना सादर केल्या. त्याच वर्षी डिसेंबरात उत्तरपाडा येथील कन्याशाळा पाहून परतताना पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांची गाडी उलटली व त्यांना जबर दुखापत झाली. त्या प्रसंगी मेरीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली.

आपल्या मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची उद्योग व सुधार संस्था १८५७ पासून चालू होती. पण असे प्रयत्न विरळ होते. मेरीबाई यानंतर आणखी तीन वेळा या देशात आल्या. एका खेपेस मुंबईच्या सरकारी स्त्री-अध्यापनशाळेचे कामही त्यांनी पाहिले. १८७० साली ब्रिस्टलला त्यांनी ‘नॅशनल इंडियन असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. केशवचंद्र सेन त्याच वर्षी इंग्लंडला गेले होते. १८७५-७६ मधील चौथ्या फेरीच्या सुमारासच, म्हणजे १८७६ साली, हिंदुस्थानात सुधारशाळांचा पहिला कायदा झाला. १८९७ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. सत्तरीकडे झुकलेल्या वयात, रेल्वे आणि बोटीचा त्या काळचा प्रवास सोसून, परक्या देशातील तुरुंगात पडलेल्या पोरांची चिंता वाहणारी ही स्त्री खरोखर विरळाच.

१४ जून १८७७ च्या रात्री, झोपेतच, मेरीबाईंचा अंत झाला. ब्रिस्टलच्या आर्नोज व्हेल दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. राजा राममोहन रॉय यांची समाधीही त्याच भूमीत आहे.

वारसा आणि बोध

त्यांचे पुतणे जे. एस्टलिन कार्पेंटर यांनी १८७९ साली त्यांचे चरित्र लिहिले. हेच पुढे बौद्ध पाली ग्रंथांचे संपादक म्हणून प्रसिद्धीस आले आणि ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचे तौलनिक अध्ययन शिकवू लागले. १९०१ ते १९०३ या काळात आपले कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे याच महाविद्यालयात त्यांचे विद्यार्थी होते. स्वदेशी परतल्यावर १९०६ साली शिंदे यांनी मुंबईत निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापून अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांतील मुलांसाठी शाळा काढल्या. ब्रिस्टलच्या गल्लीपासून मुंबईच्या चाळीपर्यंत येणारा हा धागा मराठी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मेरीबाईंच्या मागे इंग्लंडमधील अनेक सुधारशाळा हळूहळू तुरुंगासारख्याच झाल्या आणि १९३३ च्या कायद्याने ती व्यवस्था बदलावी लागली. इमारत राहिली, नियम राहिले. पण मुलाचे नाव, त्याचे घर आणि त्याच्या आवडीनिवडी जाणणारे माणूस राहिले नाही. मेरीबाईंचे यश इमारतीत नव्हतेच. ते त्या माणसात होते. आपल्या देशातही १९२४ चा मुंबईचा बालकायदा, १९८६, २००० आणि २०१५ चे बालन्याय कायदे अशी पावले पडत गेली. आज चुकलेल्या मुलाचे प्रकरण बालन्याय मंडळापुढे जाते आणि त्याला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला जातो. गोवा शासनाचे मेरशी येथे ‘अपना घर’ आहे. कायदा आपले काम करील. परंतु कायदा येतो तो मूल चुकल्यानंतर; त्यापूर्वीची वर्षे घरच्यांची, शेजाऱ्यांची आणि गावाची असतात.

त्या वर्षांत देवस्थानासारखी संस्था पुष्कळ काही करू शकते. अग्रशाळेतील एखादी खोली संध्याकाळी अभ्यासासाठी उघडी ठेवावी. ज्याच्या घरी दिवा आहे पण शांतता नाही अशा मुलाला तेथे बसता येईल. जत्रेच्या नाटकात, भजनी पथकात, उत्सवाच्या कामात नेहमीच्याच घरांतील मुलांखेरीज जो कठड्यावर एकटा बसून राहतो त्यालाही हाक मारावी आणि त्याच्यावर विश्वासाने जबाबदारी टाकावी. शाळा सोडलेल्या मुलाला गावातील सुताराकडे, गवंड्याकडे, यंत्रदुरुस्ती करणाऱ्याकडे काम शिकायला पाठविण्याचा भार कोणी महाजनाने उचलावा. आणि जो मुलगा एकदा चुकून परत आला, त्याला सभामंडपात पुन्हा पूर्वीसारखे बसता आले पाहिजे. याला मोठा निधी लागत नाही. लागते ते सातत्य.

१८३३ साली ब्रिस्टलच्या गल्लीतून एक पोर धावत गेले. त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, आणि ते कोणत्या घरात शिरले हेही कोणी पाहिले नाही. त्या एका न पाहिलेल्या घराच्या शोधात एका स्त्रीने चव्वेचाळीस वर्षे घालविली. आपल्या गावात अशी घरे दूर नाहीत. बहुधा देवळाच्या पाणंदीवरच आहेत. श्रींच्या उत्सवाच्या या शुभप्रसंगी आपल्यापैकी प्रत्येकाने त्यांतील एखाद्या दारापर्यंत जाण्याचा संकल्प केला, तर मेरी कार्पेंटर यांचे हे पुण्यस्मरण सार्थकी लागेल.